चौसष्ट शतांशांचा गुरुवार

एक

शुक्रवारी सकाळी आठ वाजता कोंडाजीनं टाकीतून दिवसाची पहिली बास्केट वर ओढली आणि तिच्या जाळीत अडकून जे वर आलं ते पाहून साखळी तशीच हातात धरून तो ओरडला, "कस्तुराबाई! अवो हिकडं या आधी! ह्ये आपलं न्हाई, ह्ये मोठ्या कंपनीचं हाय!"

मी लॅबमधून धावले. लॅब म्हणजे टाकीशेजारची दहा बाय बाराची खोली. मी तिथं बाटल्या धुवायला होते. शाळा सातवीपर्यंत. पण आमचे केमिस्ट नोकरी सोडून गेले आणि मागं एक जाडं पुस्तक ठेवून गेले. ते मी डबा खाताना वाचत गेले आणि हळूहळू टाकीतल्या ॲसिडची रोजची तपासणीही माझ्याच गळ्यात पडली. पगार मात्र बाटल्यांचाच राहिला.

हे १९७३ च्या एप्रिलमधलं. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. नाव सांगत नाही, आता तिथं गोदाम आहे. कुंपणापलीकडे ज्वारीची शेतं होती आणि दुपारी ॲसिडच्या वासात कडब्याचा वास मिसळायचा. मोटारींचे लोखंडी भाग गरम ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज काढायचा आणि मग त्यांच्यावर मुलामा चढवायचा, हे आमचं काम.

कोंडाजीच्या हातात होता तो मास्टर गेज. पंचवीस मिलिमीटर जाडीचा, आरशासारखा पोलादी दांडा, मागं मूठ. मालातली भोकं बरोबर आहेत का ते त्यानं तपासायचं. मोठ्या मोटार कंपनीनं तो आम्हाला विश्वासानं वापरायला दिला होता. आता तो चघळून टाकलेल्या खडीसाखरेसारखा दिसत होता.

"बाई," कोंडाजी हळूच म्हणाला, "आता कुनाची तरी नोकरी जानार."

दोन

त्या माणसाचं नाव दुपारी चारपर्यंत ठरलंसुद्धा.

आधी गेज मोजला तो आबाजींनी. आबाजी म्हणजे आमचे तपासनीस. संत तुकाराम नगरातून सायकलवर येत, पांढरा सदरा, जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते. आमच्या कंपनीत मोजमाप म्हणजे आबाजींची सही. बाकी कुणाचा शब्द चालत नसे. मोजलं म्हणजे मायक्रोमीटरचा स्क्रू त्यांनी फिरवला आणि आकडा मी वाचला. सहा-सात महिने आमची अशीच पद्धत होती. "तुझा हात बसू दे, कस्तुरा," असं ते म्हणायचे, आणि मला केवढी फुशारकी वाटायची!

"चोवीस पूर्णांक छत्तीस," मी म्हटलं.

म्हणजे मिलिमीटरचे चौसष्ट शतांश ॲसिडनं खाल्ले होते.

मुंबईच्या मुख्य कचेरीतून साहेब आले. हुशार माणूस, त्याबद्दल वाद नाही. त्यांनी तशाच पोलादाचा तुकडा टाकीत बरोबर एक तास बुडवून पाहिला. टाकी साठ अंशांवर तापलेली होती. तुकड्याचे आठ शतांश गेले.

"तासाला आठ," साहेब म्हणाले. "चौसष्टला आठ तास. गेज सापडला सकाळी आठला. म्हणजे टाकीत पडला गुरुवारी मध्यरात्री. गुरुवारी कारखान्यात कोण असतं?"

आमच्या भागात वीज वाचवायला गुरुवारची सुट्टी. बुधवारी संध्याकाळी सहाला दार बंद, ते शुक्रवारी सकाळी सहाला उघडायचं. मध्ये आवारात एकच माणूस असायचा, वॉचमन मीरासाहेब. फाटकाशेजारच्या खोलीत तो आणि त्याची बायको रहमतबी राहायची.

"आणि त्याला उरसाची रजा नाकारली होती ना मागच्या महिन्यात?" साहेब म्हणाले. "झालं तर. पुढच्या शुक्रवारी मी कागद घेऊन येतो. तोवर त्यानं दुसरी जागा बघावी."

नोकरी आणि खोली दोन्ही एका भागाकारात गेल्या. मी दाराशी उभी होते. गणित मलाही पटलं होतं, हे कबूल करते. पटलं नव्हतं ते फक्त मीरासाहेबाचं तोंड बघून.

तीन

"बाई, मी कशाला जाईन त्या टाकीपाशी?" मीरासाहेब म्हणाला. "त्या वासानं माझा खोकला उठतो. मी फेरीसुद्धा लांबून मारतो. नऊ वर्सं झाली, एक खिळा बाहेर गेला नाही या फाटकातून. हे बघा बुक."

त्यानं गेटबुक पुढं केलं. बुधवारच्या पानावर बाहेर गेलेल्या वस्तू होत्या: दोन पोती, कोंडाजीचा विळा, एक सायकलची चेन. बस.

"विळा?" मी विचारलं.

"बुधवार न्हवता का," तो म्हणाला, जणू त्यात सगळं आलं.

आलंच होतं. आमच्याकडे 'बुधवारचं धुणं' म्हणून एक प्रकार होता. गुरुवारी सुट्टी, शेतावर काम. म्हणून बुधवारी दुपारी माणसं घरचं गंजकं लोखंड आणत. विळे, तवे, बैलाच्या गळ्यातल्या घंटा. कोंडाजी ते टाकीत पाच मिनिटं लोंबकळत सोडे. साहेबांना त्याचा पत्ता नव्हता आणि आम्ही तो लागू देत नसू.

रहमतबी आतून दही घेऊन आली. तिचं दही भोसरीत प्रसिद्ध.

"खा. आज जरा आंबट झालंय," ती म्हणाली. "या दिवसांत काय, विरजण लावून मागं वळेस्तोवर दही होतंय. थंडीत दुपार उजाडली तरी पातळच."

मी चमचा तोंडाशी नेला आणि तिथंच थांबले.

दूध तेच, विरजण तेच, भांडं तेच. बदलतं फक्त ऊन-थंडी. मग ॲसिडचं काय? त्या जाड्या पुस्तकात एक ओळ होती, मी तिच्याखाली पेन्सिलनं रेघही मारली होती: तापमान दहा अंशांनी उतरलं, की क्रियेचा वेग साधारण निम्म्यावर येतो.

"काय झालं?" मीरासाहेबानं विचारलं.

"मीरासाहेब, गुरुवारी टाकी तापलेली असते का हो?"

"वीजच नसती बाई, तापनार कशी? बुधवारी पाचलाच कोंडाजी हीटर बंद करतो."

साहेबांच्या मुंबईच्या कारखान्यात बॉयलर बारा महिने चोवीस तास पेटलेला. गार पडलेली टाकी त्यांनी जन्मात पाहिली नसेल!

चार

शनिवारी मी चार काचेच्या भांड्यांत टाकीतलं ॲसिड घेतलं. चार वेगवेगळ्या तापमानांना धरलं आणि प्रत्येकात पोलादाचा सारखा तुकडा टाकला. साठ अंशांवर तासाला आठ शतांश. पन्नासवर चार. चाळीसवर दोन. तीसवर, म्हणजे आमच्या एप्रिलच्या गार टाकीत, फक्त एक.

मी वही बंद केली. मध्यरात्री पडलेल्या गेजचे आठ तासांत चौसष्ट शतांश जाणं शक्यच नव्हतं. टाकी सकाळी सहापर्यंत गार होती. गेज फार आधी पडला होता. गुरुवारी नाही, बुधवारी.

पण नेमका कधी? सहाच्या नंतर, तर मीरासाहेब अडकतो. सहाच्या आधी, तर सुटतो. बुधवारी पाचला हीटर बंद झाल्यावर टाकी कोणत्या चालीनं गार होते हे कुणीच मोजलं नव्हतं. कागदावर कितीही गणित केलं तरी साहेब म्हणणार, बाटल्या धुणाऱ्या बाईचं गणित.

म्हणून ठरवलं, बुधवार पुन्हा घडवायचा. तीन पोलादी दांडे, त्याच जातीचे, तेवढेच कडक. एक चारला टाकीत सोडायचा, एक पाचला, एक सहाला. सगळे शुक्रवारी आठला काढायचे. ज्याचे चौसष्ट जातील, ती वेळ खरी.

असे दांडे फक्त आबाजींकडे. ते खिडकीशी बसून डबा खात होते. सदऱ्याच्या उजव्या बाहीवर चार-पाच बारीक भोकं दिसत होती.

"कसर लागली वाटतं," मी म्हटलं.

"हं. ट्रंकेतला आहे." त्यांनी बाही दुमडली. मग माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत. उठले, कपाट उघडलं, आणि बोटांनी चाचपून तीन दांडे काढून दिले.

"पंचवीसचे आहेत. मी स्वतः घासलेत." ते वळले, आणि जाता जाता म्हणाले, "तांब्याच्या तारेनं बांध. दोरी नको. दोरी जळते."

मी "बरं" म्हणून चार पावलं गेले. मग थांबून मागं वळून पाहिलं.

आबाजी टाकीकडे कधीच जात नसत. बुधवारच्या धुण्यात त्यांनी कधी चमचासुद्धा आणला नव्हता. ॲसिडात दोरी जळते हे त्यांना कुणी सांगितलं?

पाच

कोंडाजी सरळ माणूस. त्याची स्वतःची दोन बिघे जमीन याच आवाराखाली गेलेली, म्हणून काही जणांची नजर आधी त्याच्यावर गेली होती.

"बाई, मला टाकी नासवायची असती तर नऊ वर्सं थांबलो असतो व्हय?" तो म्हणाला. "आन् म्या गेज फेकला असता तर दोरी कशाला बांधली असती?"

"कुठली दोरी?"

"ही काय." टाकीच्या कठड्याला एक काळं पडलेलं टोक चिकटलं होतं. मी हात लावला तर त्याचा भुगा झाला. आत एक-दोन पांढरे, विणलेले धागे शिल्लक. "आमी सगळी तांब्याची तार वापरतो. ॲसिड तांब्याला खात न्हाई. दोरीनं बांधणारा कुनीतरी नवखा."

पांढरी विणलेली दोरी आमच्याकडे एकाच ठिकाणी असे. प्रत्येक गेजच्या मुठीला, नंबराची पट्टी अडकवायला.

म्हणजे कुणी रागानं गेज फेकला नव्हता. तो दोरीनं लोंबकळत सोडला होता, परत काढायला.

"मागच्या बुधवारी धुण्यानंतर तू टाकीपाशीच होतास?"

"चारला च्या प्यायला गेलो व्हतो. धुनं साडेतीनलाच उरकलं. धा मिन्टं टाकी मोकळी व्हती."

मग मी स्टोअरला सुमनताईंकडे गेले. सुमनताईंच्या टेबलावर आवारातली प्रत्येक गोष्ट येऊन पडते, बातमीसकट.

"मागच्या बुधवारी काही भंगार बाहेर गेलं का हो, ताई?"

"गेलं की. आबाजींचा जुना गेज! बाद झालेला, गंजका. कधीचे मागत होते, घरी खलबत्त्याला बत्ता करायचाय म्हणून. बायको गेल्यापासून वेलदोडे कुटायला काही नाही म्हणे घरात. मीच गेटपास फाडून दिला दुपारी. का गं?"

"सहज," म्हणून मी निघाले. मीरासाहेबाच्या गेटबुकात बत्ता नव्हता. पास फाटला, पण वस्तू फाटकातून गेलीच नाही.

आबाजी डबा धुवायला बाहेर गेले तेव्हा मी त्यांच्या कपाटाचं दार उघडलं. मास्टर गेजच्या खणात गंजका, बाद गेज पडला होता. दोन्ही एकाच मापाचे, एकाच दोरीचे. एक आरशासारखा, एक तपकिरी. आंधळासुद्धा हाताला लागताच ओळखेल, असं मला वाटलं. मग आबाजींनी चुकून दुसराच कसा उचलला?

आणि ती बाहीची भोकं. कसर लोकरीला लागते. सुती सदऱ्याला असं काही करत नाही. माझ्या तीन लुगड्यांना तशीच भोकं आहेत. ॲसिडचा थेंब सुती कापडावर पडला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. तो मुरत राहतो, धुतल्यावर तेवढी जागा गळून पडते.

मला सगळं कळलं होतं, एक गोष्ट सोडून. आणि जे कळलं होतं ते कुणाला सांगायची माझी हिंमत नव्हती. ज्यांनी मला मायक्रोमीटर धरायला शिकवला, त्यांच्या विरुद्ध मी बोलायचं? आणि नाही बोलले, तर मीरासाहेब फाटकाबाहेर.

शेवटी मी ठरवलं: मी फक्त वेळ सिद्ध करीन. माणसाचं नाव माझ्या तोंडून येणार नाही.

सहा

बुधवारी चार, पाच आणि सहा वाजता तीन दांडे टाकीत गेले. प्रत्येक वेळी सुमनताईंनी जाळीला कुलूप लावलं, वर कागद चिकटवून सही केली. शुक्रवारी आठला साहेबांच्या समोर कुलूप उघडलं. दांडे धुऊन, पुसून टेबलावर ठेवले. मीरासाहेब दाराशी उभा. कोंडाजी त्याच्या मागं. आबाजी खुर्चीत.

मी जमेल तेवढं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

"ठीक आहे," ते म्हणाले. "साठला आठ, तीसला एक, इथवर मान्य. पण हे दांडे तू टाकलेस, मापही तूच घेणार? नाही. या कंपनीत माप आबाजींचं. आबाजी, तुम्ही घ्या. आणि आकडा तुम्ही स्वतः वाचा. बाईनं नाही."

आबाजींनी पहिला दांडा, चारचा, उचलला. मायक्रोमीटरमध्ये धरला. स्क्रू फिरवला, टिक, टिक, टिक, अगदी योग्य जागी थांबला. त्यांचा हात अजून कुणी धरू शकत नव्हतं. मग त्यांनी तो खिडकीच्या उजेडात नेला. जवळ आणला. लांब धरला. पुन्हा जवळ.

बाहेर कुठल्याशा कंपनीचा भोंगा वाजून संपला, तरी ते तसेच उभे होते.

एका आकड्याचा प्रश्न होता. पन्नासच गेले म्हणाले असते तर चार वाजताचं माझं सगळं म्हणणं तिथंच संपत होतं. साहेबांनी सही केली असती आणि गाडी मुंबईला गेली असती.

"साहेब," आबाजी म्हणाले, "मला आकडा दिसत नाही."

"काय?"

"सात-आठ महिने दिसत नाही. डोळ्यांवर सायीसारखं आलंय. आकडे ही पोरगी वाचते, मी सही करतो. तिलाही माहीत नाही." त्यांनी मायक्रोमीटर खाली ठेवला. "दांडा तुम्ही मोजा. तो चारचा असेल तर बरोबर निघेल. गेल्या नाही, त्याच्या आदल्या बुधवारी चार वाजता टाकीपाशी मी होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं, सरळ, हजेरी द्यावी तसं. कपाटाच्या एकाच खणात दोन्ही गेज तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. फडक्यावरून हाताला दोन्ही सारखेच. जुना म्हणून एक उचलला. कोंडाजीची माणसं करतात तसं पाच मिनिटं बुडवून गंज काढू म्हटलं. मुठीच्या दोरीला धरूनच फडकं काढलं आणि सोडला, दांड्याला हात लागलाच नाही. दोरी तुटली, गेज तळाला गेला. जुना तर होता, जाऊ दे, म्हणून घरी गेले. शुक्रवारी टाकीतून मास्टर निघाला, तेव्हा त्यांनी कपाट उघडून खणातल्या गेजवरून बोट फिरवलं. बोटाला गंज लागला.

"त्याच दिवशी का नाही बोललात?" साहेबांनी विचारलं.

"माप घेणाऱ्या माणसाला दिसत नाही, हे कसं बोलू? तीस वर्षं हेच केलं. दोन महिने राहिले होते."

साहेबांनी तिन्ही दांडे स्वतः मोजले. सहाचा: साडेचोवीस, म्हणजे पन्नास शतांश गेलेले. पाचचा: छप्पन्न. चारचा: त्रेसष्ट.

"चौसष्ट नाही," साहेब म्हणाले.

"हा दांडा मी दहा मिनिटं उशिरा टाकला असेल, साहेब," मी म्हटलं. "चहा गरम होता."

पहिल्यांदाच ते हसले. पिशवीतला टाईप केलेला कागद काढून त्यांनी दोन तुकडे केले. "मीरासाहेब, तुमचा काही संबंध नाही. कामावर जा."

मीरासाहेब हलला नाही. आबाजींकडे बघत उभा राहिला.

"सात दिवस, आबाजी," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यानंच जास्त लागलं. "रोज तुम्ही फाटकातून येताना मला सलाम करत होता. माझी बायको सात दिवस भांडी बांधून बसलीय. एक तवा तेवढा बाहेर ठेवलाय, भाकरीपुरता. तिला काय सांगू?"

कोंडाजी जमिनीकडे बघत राहिला. साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

आबाजी उठले. टेबलाच्या कडेला हात लावत, मग भिंतीला हात लावत दाराबाहेर पडले. आवार ओलांडताना त्यांची चाल मी पहिल्यांदाच नीट पाहिली. इतके महिने मी त्या माणसाच्या शेजारी बसले आणि ते पाय मोजून टाकतात हे मला कधी दिसलं नव्हतं.

फाटकाशेजारच्या खोलीच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. रहमतबी आत गाठोड्यांमध्ये बसली होती. ते काय म्हणाले मला ऐकू आलं नाही. दिसलं एवढंच, की ते जमिनीवर बसले, एक गाठोडं पुढं ओढलं आणि बोटांनी गाठ शोधू लागले. रहमतबीनं पदर सावरला. त्यांच्या हातातून गाठ काढून घेतली नाही. त्यांनी सोडवलेलं एकेक भांडं घेऊन फळीवर लावत गेली, आधी पातेली, मग ताटं.

मीरासाहेब माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"मोठा डबा खाली ठेवायचा असतो," तो पुटपुटला, आणि सांगायला आत गेला.